खळं कोणाच्या नावावर

भाईंदरच्या खाडीकाठच्या त्या पाड्यात सुगंधा तांडेलला न घाबरणारं माणूस एकच होतं, तिची सून रुचिता. आणि तीसुद्धा नवघरला वेगळी राहते म्हणून. बाकी लहानथोर सगळे तिच्या तोंडाला वचकून असत. होडीवरून दमून आलेला गडी वाटेत सुगंधा दिसली की आधी विडी विझवायचा आणि मग घरची ख्यालीखुशाली विचारायचा.

हा दरारा तिला मिळाला तो खळ्यामुळे. खळं म्हणजे घरं आणि खाडी यांच्या मधली, मासळी सुकवायची जागा. बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकायचे, खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा आणि मांदेली पसरलेली असायची. लग्नाच्या हळदी तिथेच व्हायच्या, जाळी तिथेच दुरुस्त व्हायची, आणि गेलेल्या माणसालाही स्मशानात नेताना घटकाभर तिथेच टेकवायचे. रोज सकाळी कोणाची मासळी कुठे पडणार हे सुगंधा सांगायची. आधी तिची सासू सांगायची. ती गेल्यावर हे काम सुगंधाकडे आलं, कारण तिचा आवाज या टोकाचा त्या टोकाला ऐकू जायचा. दुसरं काही कारण नव्हतं, निवडणूक तर नव्हतीच नव्हती.

तिचे नियम मात्र पक्के. विधवेला खाडीकडची, वाऱ्याची जागा. नवी सून पहिलं वर्ष सासूच्या शेजारी. दुसऱ्या वर्षी तिची तिला वेगळी जागा, म्हणजे तिच्या मासळीचा पैसा तिच्याच पदरात. एखादी सासू कुरकुरली तर सुगंधा तिला चारचौघींत ऐकवायची, "तुला पन मीच दिलेली ना गो येगली जागा? तवा बरी गोड लागली." खळं कोणाचं, हा प्रश्न मात्र पाड्यात कोणाला कधी पडला नव्हता. पडला असता तर लोकांनी त्या माणसालाच आधी डॉक्टरकडे नेलं असतं.

सुगंधाला स्वतःला या खळ्यानेच जगवलं होतं. नवरा हरिश्चंद्र गेला तेव्हा जितेंद्र शाळेत होता. ती सुक्या जवळ्याची टोपली डोक्यावर घेऊन नया नगरला जायची आणि तिथल्या बायकांशी हिंदीत भांडून भाव घ्यायची. "लेना है तो लो, खाली सूंघने का भी पैसा लगेगा," असं म्हणून त्यांनाच हसवायची. त्या टोपलीवर मुलगा शिकला, मालाडला एका ऑफिसात चिकटला. लग्नानंतर एका खोलीत सासू-सुनेचं जमेना, म्हणून तो नवघरला भाड्याने गेला. तिथे अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. ते संपलं की घरमालक भाडं वाढवणार नाहीतर घर विकायला काढणार, की हे निघाले टेम्पो भरून. "मांजर पिलांना फिरवते तसं चाललंय तुजं," असं सुगंधा म्हणायची. जितेंद्र हसायचा, पण हसताना त्याचा चेहरा ओढलेला दिसायचा. मग तीच विषय बदलायची.

आणि मग बातमी आली की गावठाणातल्या, कोळीवाड्यातल्या घरांची सरकार मोजणी करणार आणि ज्याच्या त्याच्या नावाचं प्रॉपर्टी कार्ड देणार. पाड्यात दिवाळी झाली. इतक्या पिढ्या राहून या घरांचा कागदावर पत्ता नव्हता. बँक दारात उभं करत नव्हती, गळका पत्रा बदलायचा तरी नोटिशीची धास्ती. मोजणीवाली दोन पोरं येऊन समजावून गेली: सोमवारी आकाशात ड्रोन फिरेल आणि वरून फोटो काढेल. प्रत्येकाने आपल्या घराभोवती चुन्याची रेघ मारायची, म्हणजे वरून हद्द दिसते. बास, एवढंच काम.

हद्दबिद्द लोकांनी एका कानाने ऐकलं. डोक्यात राहिला तो फोटो.

खाडीच्या कडेने गेल्या काही वर्षांत टॉवर उभे राहिले होते. तिथल्या लोकांनी मासळीच्या वासाच्या तक्रारी केल्या होत्या, एकदा तर पालिकेची गाडी येऊन मांडव मोडून गेली होती. ते सुगंधाच्या मनातून गेलं नव्हतं. आता खुद्द सरकार वरून बघणार म्हटल्यावर तिने रविवारी पहाटेच सगळ्या बायकांना बाहेर काढलं. बोंबील आत, जाळी आत. मांडव सोडून बांबू घरांमागे लावले. खळं झाडलं, पाणी मारलं, शेणाने सारवलं. इतकी नीटस सफाई कोणाच्या हळदीलाही झाली नव्हती. "फोटो मंत्रालयात जानार हाय," ती म्हणाली, "घान दिसली तर बोलतील, यांना कार्ड कशाला पायजे."

सोमवारी सकाळी ती झाडू घेऊन शेवटचा फेरा मारत होती, तेव्हा तिला भूपेशची रेघ दिसली. भूपेश म्हणजे तिच्या चुलत दिराचा मुलगा, घर खळ्याला लागून. त्याने चुना आपल्या भिंतीपाशी न थांबवता चांगला पाच-सहा पावलं खळ्यात आणला होता.

"भूपेश, ह्यो काय प्रकार?"

"काकी, हात घसरला," भूपेश म्हणाला.

"घसरला तर सावर. घर तुजं हाय, खलं न्हाय." आणि तिने त्याच्या देखत रेघ झाडून टाकली. आजूबाजूच्या बायका हसल्या. भूपेशही हसला, गुपचूप आत गेला. थोड्या वेळाने ड्रोन आला. पोरंटोरं हात हलवत पळाली, आणि सुगंधा आपल्या लखलखीत खळ्याच्या मधोमध उभी राहून वर बघत राहिली. ऊर भरून आला होता तिचा. का नाही येणार?

मांडव दुसऱ्याच दिवशी परत उभे राहिले. काही महिन्यांनी नकाशा लागला. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा रंगीत कागद, त्याच्यापुढे गर्दी. जो तो आपलं घर शोधून त्याच्यावर बोट ठेवत होता. सुगंधाला तिची खोली लगेच सापडली. छोटासा पिवळा चौकोन, वर नंबर. ती तिथून खळ्याकडे सरकली, तर खळ्याच्या जागी तिरप्या रेघा होत्या आणि मध्ये छापलं होतं: रिक्त, शासकीय.

तिने शेजारच्या पोरीकडून ते दोनदा वाचून घेतलं.

आणि त्या तिरप्या रेघांच्या कडेला, भूपेशच्या घराचा पिवळा चौकोन चांगला लांबलचक होऊन आत शिरला होता. सुगंधा घरी चहा प्यायला गेली तेवढ्यात पठ्ठ्याने पुन्हा रेघ मारली होती, आणि ड्रोन बघण्याच्या नादात ती तिच्या लक्षात आली नव्हती. वरून फक्त चुना दिसला. जिथे चुना होता ते भूपेशचं झालं, जिथे नव्हता ते सरकारचं.

टेबलावर एक तरुण साहेब लॅपटॉप घेऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता. पाणी विचारलं, खुर्ची दिली. "रिकाम्या जागा सरकारजमा होतात, मावशी. ही गरिबांच्या घरांसाठी राखून ठेवलीय. इमारत होईल, स्वस्तात घरं मिळतील लोकांना."

बायकांची पंचाईत झाली. गरिबांच्या घरांना शिव्या तरी कशा द्यायच्या?

"रिकामी कशी?" सुगंधा म्हणाली. "आमी मासली सुकवतो तिथं. माज्या सासूच्या आधीपासून."

साहेबांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वरून काढलेला फोटो होता. पत्रे, कौलं, होड्या, आणि मधोमध एक स्वच्छ, रिकामा, तपकिरी चौकोन. त्याच्यावर एक बारीक ठिपका होता. साहेबांनी तो मोठा केला. हिरवं लुगडं, एका हातात झाडू, दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरून वर बघणारी बाई.

"बघा ना," साहेब हळूच म्हणाले. "मांडव नाही, जाळं नाही, एक मासळी नाही. मोजणीच्या दिवशी जे दिसलं तेच धरतात, मी काय लिहिणार?"

"ते आमी काढलंवतं."

"का पण?"

सुगंधाने साहेबांकडे पाहिलं. "तुमी येनार म्हनून," ती म्हणाली.

सफाई कोणी करायला लावली हे सगळ्यांना माहीत होतं आणि एकाही बाईने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. हेच तिला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तिने उलट दिल्या असत्या. आपल्या हाताने आपण खळं सारवून, झाडून, चकचकीत करून सरकारच्या ओटीत घातलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

साहेबांनाच दया आली. हरकत नोंदवायला तेवढा एकच दिवस ठेवला होता. "सामाईक म्हणून लावायची तर नोंदणी केलेली संस्था लागते. तुमची आहे का?"

मच्छीमारांची सोसायटी होती, पण ती डिझेल आणि बर्फापुरती. तिच्या नावावर वस्तीतली जागा लागत नाही, असं साहेब म्हणाले. नवी संस्था करायला दिवस लागणार, आणि दिवस तर संपत आला होता.

"एक होऊ शकतं," साहेब म्हणाले. "एका व्यक्तीचा जुना ताबा दाखवा. साक्षीदार द्या. नोंद होईल. तुमच्यातलं असं कोण आहे, जिच्या ताब्यात ही जागा आहे असं सगळे सांगतील?"

आता मात्र सगळ्या बायका सुगंधाकडे वळल्या.

"मी न्हाय," सुगंधा म्हणाली. "खलं काय माजं हाय?"

"तुजं न्हाय, पन तुज्या नावावर टाक," म्हातारी कमळाबाई म्हणाली. तिचा तर खळ्याशिवाय दुसरा आधार नव्हता. "नावाला गो. कागदाला नाव लागते, तर आसू दे तुजं. तुला आमी वलखत न्हाय काय?"

कोणी आधी, कोणी नंतर, सगळ्या साक्षीला उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढे भूपेश. "काकीचाच ताबा आहे साहेब, मी लहानपणापासून बघतोय," असं त्याने खणखणीत सांगितलं. त्याच्या तुकड्याकडे कोणी बघू नये म्हणून तो इतका खणखणीत बोलत होता, हे सुगंधाला समजलं, आणि त्या क्षणी तिला त्याला बोलायला तोंड राहिलं नाही. तिने सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

दोन महिन्यांनी कार्ड आलं. कमळाबाईने नारळ फोडला, बायकांनी सुगंधाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मांडव जागच्या जागी राहिले, बोंबील लटकत राहिले. सुगंधा पहिल्यासारखीच ओरडून जागा वाटू लागली. दोन रात्री तिला झोप आली नाही, पण तिने ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. खळं वाचलं होतं, आता रडायचं कशाला?

त्या रविवारी जितेंद्र आला. बरोबर रुचिताही होती, होळीनंतर पहिल्यांदाच. तिने आल्या आल्या सासूला वाकून नमस्कार केला, आणि सुगंधा चकितच झाली. चहा झाल्यावर जितेंद्र खळ्यावर गेला. लहानपणी तिथे पडून त्याने गुडघे फोडले होते, पण आज तो कडेकडेने चालत होता, हातात मोबाईल धरून, भूपेशच्या भिंतीपासून थेट खाडीपर्यंत. परत येऊन तो आईजवळ टेकला.

"आई, केवढं मोठं आहे गं हे. मला कधी जाणवलंच नव्हतं."

"मासलीला जागा लागते," सुगंधा म्हणाली.

जितेंद्रने मोबाईल खिशात ठेवला. "आमचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय पुढच्या महिन्यात. मालकाला घर विकायचंय. परत शोधतोय." त्याचा चेहरा तसाच ओढलेला होता, पण आज तो हसत नव्हता. मग त्याने खाली बघत विचारलं, "आई, तुझ्यानंतर हे कोणाच्या नावावर लागणार?"

समोर बायका जवळा पसरत होत्या. कमळाबाई काठी टेकत खाडीकडच्या आपल्या जागी निघाली होती. सुगंधाने तोंड उघडलं. भूपेशची रेघ झाडली तेव्हा जो आवाज निघाला होता तो आता निघेल, हे पोरगं आयुष्यभर लक्षात ठेवील, असं तिला वाटलं. पण जिभेवर आले ते शब्द वेगळेच होते: तुज्याच, आनिक कोनाच्या?

ते बाहेर पडायच्या आत तिने पदराचा बोळा तोंडावर दाबला, आणि भेदरून खळ्यावरच्या बायकांकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.