दौलतराव आणि भाड्याच्या पाट्या

कचेरीत दोन गोष्टी साचतात, फायली आणि किस्से. फायलींना वाळवी लागते, किश्शांना लागत नाही! दारव्ह्याच्या कचेरीत मी नऊ वर्षं कारकुनी केली. त्यातल्या निम्म्या गोष्टी बाहेरच्या कडुलिंबाखाली बसणाऱ्या एकाच माणसाच्या निघतील. त्याचं नाव दौलतराव. धंद्याने अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज, दावे, तक्रारी लिहून देणारा. पण त्याची खरी कीर्ती होती ती घरभाड्याच्या पाट्यांची.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बदल्यांचा सुकाळ झाला. आज साताऱ्याकडचा कारकून येतोय, उद्या पुण्याकडचा मास्तर. जो तो हातात ट्रंक घेऊन खोली शोधतोय. मग घरमालक दौलतरावांकडे यायचे, ते पुठ्ठ्यावर चार ओळी लिहून द्यायचे आणि ती पाटी कडुलिंबाच्या बुंध्याला ठोकली जायची. आणि माणूस बरोब्बर तोच यायचा, जो त्या घरात टिकेल! कसं काय, ते आम्हाला कधी उमगलं नाही. आम्ही आपले आ वासून बघायचो.

मला या प्रकरणात जरा जास्तच रस होता, तेही सांगून टाकतो. माझी चांद्याला ट्रान्सफर झाली होती. बायकामुलं माझ्याबरोबर येणार, पण वडील घर सोडायला तयार नाहीत. वय बहात्तर, एक गुडघा गेलेला. मागच्या हिवाळ्यात न्हाणीत घसरून पडले तर तासभर कोणाला पत्ता नव्हता. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत कोणीतरी भलं माणूस राहायला हवंच होतं. आणि वर्षभरात तीन बिऱ्हाडं वडिलांना कंटाळून निघून गेली होती!

*

पहिला किस्सा जिनिंगमागच्या घराचा. मालक म्हणाला, "लिव्हा, हवेशीर, प्रशस्त, शांत."

दौलतरावांनी लेखणी खाली ठेवली. "चाल, पयले घर पाहू." घर बघितल्याशिवाय हा माणूस एक अक्षर लिहायचा नाही. नुसतं बघायचा नाही, तासभर बसायचा. विहिरीचं पाणी प्यायचा, शेजारणीशी बोलायचा.

परत येऊन पाटी लिहिली, 'जिनिंगच्या मागे दोन खोल्या. हंगामात दिवसभर मशीनचा आवाज. कापसाची भुकटी उडून ताटात येते. झोप हलकी असणाऱ्यांनी येऊ नये.'

मालक रडकुंडीला आला. "अजी, कोन येईन असं वाचून?"

तिसऱ्या दिवशी जिनिंगचाच फिटर आला. खोली बघितलीसुद्धा नाही, भिंतीला कान लावला आणि खूश झाला. "बेस हाय! मशीन बिघडली तं मले अंथरुनातूनच समजन!"

मी बदलून गेलो तोवर तो तिथंच होता.

*

एका मालकाने मात्र हट्टाने स्वतःच मजकूर सांगितला. 'सर्व सुखसोयींनी युक्त.' दौलतराव म्हणाले, "तुही मर्जी, बाप्पा." आणि तसंच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी एक कंपाउंडर खोली बघायला आला. संडास नाही, मोरी तुंबलेली, खिडकीला दार नाही. "सुखसोयी कुठं हाय जी?"

मालक म्हणाला, "थे तशी लिव्हाची पद्धत असते!"

"असं काय? मंग भाडं बी तसंच पद्धतीनं लिहून देतो!" म्हणाला आणि चालू लागला.

*

आता हा ऐका. याच्यावर आजही माझा नीट विश्वास बसत नाही.

गावाच्या पार टोकाला एक घर होतं. छप्पर बुटकं, रस्त्यात चिखल, बाजार लांब. सहा महिने रिकामं. दौलतराव तिथं गेले, बसले, मालकिणीला म्हणाले, "बाई, तुमच्या इहिरीच्या पान्यात जरा तुरीची डाळ शिजवा बरं." डाळ शिजवली, जेवलेसुद्धा! आणि पाटी लिहिली, 'घर लांब आहे, लहान आहे. पण विहिरीच्या पाण्यात डाळ एका उकळीत शिजते.' बस. बाकी काही नाही.

आम्ही हसलो. डाळीसाठी कोणी घर बदलतं का?

संध्याकाळच्या आत साताऱ्याकडच्या एका कारकुनाची बायको एकटी त्या घरी हजर! गावातल्या खाऱ्या पाण्याने तिची डाळ दोन महिने शिजत नव्हती. सासू पत्रातून विचारायची, तुला स्वयंपाक येतो की नाही? बिचारी रोज चुलीपुढे बसून रडायची. पदराच्या गाठीत तिने मूठभर डाळ आणली होती. भाडं विचारलं नाही, खोल्या बघितल्या नाहीत. मालकिणीला म्हणाली, "आधी चूल पेटवा."

अर्ध्या तासाने ती पुन्हा रडली म्हणे, पण ते वेगळं.

मी दौलतरावांना विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक, की गावात अशी बाई आहे?"

"मले कायले ठाऊक राह्यते? घराचं ऐब असन थे पयले सांगून टाकाव, म्हंजे मांगून भांडन नाही. आन एक गुन सांगाव, पन खराखुरा. थो ज्याले पाह्यजे, थो येतेच."

*

बाजारपेठेतला एक बडा मालक आला. म्हणाला, "स्पष्ट लिव्हा, आपल्यातलाच पाह्यजे. आलेल्याले मी पयले जात इचारनार."

दौलतरावांनी मान हलवली. घर बघायला गेले, बसले, आले आणि लिहिलं, 'मालक भाडेकरूला जात विचारतील. भाडेकरूने मालकाला छप्पर विचारावे.'

छपराची चाळणी झाली होती, हे अख्ख्या गावाला कळलं. मालकाने आठवड्याच्या आत नवे पत्रे चढवले. नंतर त्या घरात जो राहायला गेला, त्याला जात विचारली की नाही, कोणास ठाऊक. पाटी मात्र दौलतरावांनी स्वतः उतरवली आणि चुलीत घातली.

*

शेवटी मी त्यांचे पाय धरले. चांद्याला हजर व्हायला आठच दिवस उरले होते.

रविवारी ते घरी आले. वडील निवृत्त हेडमास्तर. आल्या आल्या त्यांनी दौलतरावांना पावकीचा पाढा विचारला! मग त्यांचं अक्षर बघितलं, तोंड वाकडं केलं आणि दगडी पाटीवर दहा ओळी काढायला बसवलं. साठीचा माणूस, निमूट बसून ओळी काढतोय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दिवसभर बसले. निघताना हसत होते.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा माझ्या हातात दिला. 'पुढच्या दोन खोल्या व ओसरी. घरात एक म्हातारे गुरुजी आहेत. पहाटे पाचला उठवतात. पाढे म्हणायला लावतात. अक्षर वाईट असेल तर पुन्हा काढायला लावतात. तीन बिऱ्हाडे यामुळे सोडून गेली. शिकवल्याशिवाय त्यांना करमत नाही.'

माझं डोकं फिरलं. "दौलतराव, अहो, ही तर बदनामी झाली! येणारा माणूससुद्धा पळून जाईल!"

"हे झाडाले ठोकू नोको," ते शांतपणे म्हणाले. "बाजाराच्या दिवशी सदूच्या हॉटेलात लाव."

"तिथं कोण वाचणार? बाजारच्या दिवशी तिथं सगळी खेड्यातली माणसं. निम्म्यांना अक्षरओळख नाही."

"थ्याईच्यासाठीच तं लिवलं."

मला काही समजलं नाही. पण त्यांच्यापुढे वाद घालायची माझी छाती नव्हती. सदूच्या भट्टीमागच्या भिंतीवर खिळा मारून पाटी लावली आणि घरी येऊन ट्रंक भरायला घेतली. वडील ओसरीवर पाठ करून बसले होते. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. बायको आत डोळे पुसत होती. मी खरं सांगतो, त्या दिवशी बदलीची ऑर्डर फाडून टाकावी असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी एक बैलगाडी थांबली. गाडीतून जवळच्या बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, उतरला. उंच, पांढरं पागोटं, पायात जाड वहाणा. याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले, हा आता शेती करणारा. गाडीत ज्वारीची पोती, त्याच्या मागे पाच पोरं, दोन पोरी आणि स्वयंपाकाची भांडी घेतलेली एक म्हातारी. पोरं तिला याडी म्हणत होती, म्हणजे आई.

नायकाच्या हातात आमची पाटी होती, खिळ्यासकट!

"दुसऱ्या कोनी घर घेऊ नये, म्हनून काहाडून आनली," तो म्हणाला.

"तुम्ही वाचली?"

"मले कुठं येते जी? सदूभाऊनं तीन खेपा वाचून दाखोली. मी म्हनलं, बाकी राहू दे, शेवटचं पुन्हा वाच." त्याने आवाज खाली आणला. "आमच्या तांड्यात शाळा नाही. रोज येनं-जानं जमत नाही. खोल्या पुऱ्या तांड्याच्या नावानं घेऊन राह्यलो. पोरं इथं राह्यतीन, याडी रांधून घालीन. पन पयले सांगा, शिकोल्याबगर गुरुजीले करमत नाही म्हन्ते, थे खरं हाय का?"

ज्यांच्यामुळे तीन बिऱ्हाडं घर सोडून गेली, त्यांच्या ओसरीवर सात पोरं!

तेवढ्यात काठी टेकत वडील दारात आले. त्यांनी पोरांकडे बघितलं. पोरं याडीच्या मागे दडली. "ओळीत बसा," ते म्हणाले. पोरं चढून ओसरीवर ओळीत बसली. वडिलांनी एकेकाचं नाव विचारलं, प्रत्येकाला ते मोठ्याने पुन्हा म्हणायला लावलं. मग नायकाकडे वळले.

"किती झाले?"

"सात, गुरुजी."

"चुकलं. पुन्हा मोजा."

नायक गोंधळला. त्याने बोट करून एकेक पोर मोजलं. "सातच हाय जी."

"चुकलं," वडील म्हणाले आणि काठीचं टोक त्याच्या वहाणांपुढे टेकवलं. "आठ."

नायकाने वहाणा काढल्या, पागोटं सावरलं, आणि ओसरीवर चढून ओळीच्या शेवटी मांडी घालून बसला.