फणसाखालच्या बॅचमध्ये जागा नव्हती

फोटोग्राफीची कार्यशाळा चालवणाऱ्या एका माणसाने माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, फसवलं. आणि तो सौदा मी माझ्या तोंडाने ठरवला होता. सुमनला जाऊन आता सात आठवडे झाले. पनवेलच्या हॉस्पिटलमधून तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा कर्जतच्या माझ्या फरशांच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होते. फोन ठेवल्यावरही मी त्याच आवाजात पुढची दोन वाक्यं बोलले म्हणे... मला आठवत नाही.

सुमन साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. निवृत्त झाल्यावर तिने एकच हट्ट धरला, फोटो काढायला शिकायचं. डोंगर-धबधब्यांचे नव्हेत. खालापूरकडच्या आमच्या गावात म्हातारं माणूस गेलं की दहाव्याला फ्रेम लागते आणि धड फोटो कुणाचाच नसतो. मग कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तोंड कापून मोठं करतात. आमच्या आईच्या फोटोत तिच्या खांद्यावर कुणा परक्या बाईचा हात आहे आणि तिचा मिटलेला डोळा स्टुडिओवाल्याने रंगवून उघडलाय. "ह्यो आयचा डोळाच नाय गं ताई," सुमन दर वेळी म्हणायची. गावातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे ते हयात असतानाच नीट काढून ठेवायचे, एवढंच तिला हवं होतं. खोपोलीतल्या एका फोटोवाल्याकडून तिने जुना कॅमेरा घेतला.

कार्यशाळा कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर होती. एक बॅच नवशिक्यांची. दुसरी, फी जास्त असलेली, हात बसलेल्यांची. त्यांना ओढ्याचं पाणी, पक्षी, पहाटेचं धुकं. सुमन म्हणाली, "मला पहिलीच बरी हाय." मी म्हणाले, "गप गं. त्याच पैशात वरची मिळवून देते." आयुष्यभर मी हेच केलं आहे. डोक्यावर लाद्या वाहण्यापासून स्वतःच्या दुकानापर्यंत आले ती दोन नंबरच्या दरात एक नंबरचा माल उचलूनच. मी फोन लावला, आवाज चढवला, आणि तो माणूस लगेच हो म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणणाऱ्याचा मला धंद्यात नेहमी संशय येतो. त्या दिवशी आला नाही. सुमनला काय येतं, काय नाही, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ती परत आली तेव्हा "छान झालं" एवढंच म्हणाली. कॅमेरा कपाटात गेला. शेजारची नमाआजी फोटोसाठी ठेवणीतलं लुगडं नेसून दोनदा सुमनच्या ओट्यावर येऊन बसली. "काय गं सुमे, मी मेल्यावर काढतीस काय?" तिने विचारलं. सुमन म्हणाली, "मला नाय येत गं आजी." मला वाटलं, हौस फिटली असेल. मी तिला चारचौघांत टोमणाही मारला, "एवढी वरची बॅच मिळवून दिली, आणि बाईसाहेब घरात बसल्यात." ती हसली. पावसाळा सरता सरता तिला कावीळ झाली आणि ती बळावत गेली.

हॉस्पिटलात एका दुपारी तिने सगळं सांगितलं. कार्यशाळेच्या पहिल्याच सकाळी त्या माणसाने तिच्या कॅमेऱ्यावरची मोडची चकती बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडम, ऑटोवर? इथे ऑटो चालत नाही." मग सगळे ओढ्यात उतरले. तिला तो म्हणाला, "तुम्ही बॅगांजवळ थांबता का?" दोन दिवस ती बॅगा राखत बसली. समोर तीस पावलांवर, फणसाच्या सावलीत, नवशिक्यांची बॅच होती. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीने फार्महाऊसच्या राखणदाराच्या म्हाताऱ्या आईला खुर्चीवर बसवलं होतं आणि उजेड गालावर कसा घ्यायचा, सुरकुत्या कशा दिसू द्यायच्या, ते ती सांगत होती. सुमनला शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हात दिसत होते. तिने त्याला विचारलं, मी तिकडे बसू का? तो म्हणाला, "ती बॅच फुल आहे, मॅडम."

म्हणजे खालची भरली होती आणि वरची रिकामी होती. मी घासाघीस करून जिंकले असं समजत होते, तेव्हा तो रिकामी जागा भरत होता.

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू भांडून मिळवलं होतंस ना, ताई..."

दहावं झाल्यावर मी त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "वरची सीट तुम्हीच मागितली होती." खरं आहे. मी मागितली, आणि त्याचं उत्तर मी रोज स्वतःला देते आहे. पण आता तुम्हालाच सांगते, मागणाऱ्याला काय पेलेल हे ओळखणं शिकवणाऱ्याचं काम, आणि तुम्ही ते पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं होतं. फणसाखाली आणखी एक खुर्ची का टाकली नाही? ते मला फोनवर सांगू नका. नमाआजी अजून आहे, तिचा फोटो अजून कुणी काढलेला नाही. तिच्या ओट्यावर या आणि तिला सांगा.