गप्प पडलेल्या बाईकडे आधी गेली म्हणून

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला मारलं. गेल्या मंगळवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या अपघात विभागात. भर गर्दीत.

मी नर्सिंग शिकवते. वर्गात पोरींनाच बाकांवर पेशंट म्हणून झोपवते. तिघींनी बोंबलायचं, एकीनं गप्प पडायचं. नर्स झालेली पोरगी आत येते आणि हमखास बोंबलणारीकडे धावते. मग मी ओरडते, "अगं, तिचा श्वास चालू हाय म्हणून तर ओरडतीय की! गप्प पडलीय तिचा बघ."

मंगळवारी आमची तिथं प्रात्यक्षिकाची ड्युटी होती. श्रीपूरकडं उसाची ट्रॉली उलटली, दोघं आले. ट्रॅक्टरवाल्याचा पाय मोडलेला, सोबत दहा-बारा माणसं, ओरडून विभाग डोक्यावर घेतलेला. दुसरी ऊसतोडणीची बाई. सोबत कुणी नाही, आवाज नाही, तोंडात रक्त, ओठ निळे. पोरगी त्याला ओलांडून थेट तिच्याकडे गेली आणि मशीनच्या नळीनं तोंडातलं रक्त ओढायला लागली.

"ए शिस्टर, हितं माणूस मराय लागलाय, दिसंना व्हय?"

"दादा, त्यांना थांबता येईल. यांना नाही."

"थांबता येईल? तुझ्या बापाचा पाय हाय का?"

ट्रॅक्टरवाल्याच्या माणसांनी वेणी धरून तिला मागं खेचलं. कानातली रिंग ओढली, पाळी फाटली. सलाइनचा लोखंडी स्टँड पाठीत घातला, एकदा नाही, तीनदा. मी मध्ये पडले तर तोंडावर बुक्की; माझा दात अजून हलतोय. पोरीनं नळी सोडली नाही. डॉक्टर पोचले तेव्हा तिचं रक्त बाईच्या चेहऱ्यावर ठिबकत होतं. बाई जगली.

संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या साहेबांनी पोरीपुढं कागद सरकवला. नातेवाइकांची लेखी माफी माग, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडेल.

"माफी कशाची?" मी विचारलं.

"मॅडम, वातावरण शांत करायचंय. तुम्हाला पुढारीपणा नडतो."

पोरगी पट्टी बांधलेल्या कानानं माझ्याकडं वळली. "मॅडम, परीक्षेत हाच प्रश्न आला तर काय लिहू?"

तिनं सही केलेली नाही. मुदत शनिवारपर्यंत. त्या दुपारी विभागात तीस-चाळीस जण मोबाइल वर धरून उभे होते. सोडवायला एकही आला नाही. तुम्ही त्यांतले असाल, तर तो व्हिडिओ पुसू नका. शनिवारच्या आत घेऊन या आणि साहेबांसमोर उभं राहून सांगा, कुणी मारलं.