वीतभर अंतर

गोल्फ म्हटलं की लोकांना लांब फटकाच दिसतो. बॉल उडाला की वा वा! डोंबल! जिंकतात ते भोकाजवळच्या शेवटच्या वीस पावलांत. ऐंशीच्या दशकात मी उपनगरातल्या एका क्लबात कॅडी होतो, साहेबलोकांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालणारा. वय सव्वीस. राहायला भांडुपच्या टेकडीवर, बाबांची गिरणी बंद, घर माझ्या जिवावर.

हिरवळीवरून बॉल भोकात ढकलायचा, त्याला पटिंग म्हणतात. ते मी शिकलो आमच्या दारातल्या सारवलेल्या खळ्यात. स्टीलचा पेला जमिनीत पुरला होता. आई ओरडायची, "मेल्या, आताच सारवलंय रे!" पण ओल्या सारवणावर बॉल अडतो आणि सुकल्यावर पळतो, हे तिथेच कळलं. सकाळची हिरवळ आणि दुपारची हिरवळ यांत तोच फरक असतो. मनगट हलवायचं नाही, खांदे हलवायचे. बॉल सुटला तरी मान वर करायची नाही. बस्स, एवढंच आहे ते.

आमचे साहेब क्लबाच्या कमिटीवर होते. फटका लांब, पण भोकाजवळ आले की हात थरथरायचे. त्यांना हे सगळं मीच शिकवलं. तरी शेवटचा छोटा बॉल त्यांना ढकलावा लागतच नसे. तिथली रीतच तशी. बॉल वीतभर उरला की सोबतचा म्हणणार, "दिला!" म्हणजे आत गेला असं धरायचं. मग कॅडीने पुढे व्हायचं, बॉल उचलायचा, फडक्याने पुसायचा, झेंडा भोकात खोचायचा. नऊ वर्षं मी हेच केलं.

वर्षातून एकदा, सोमवारी, क्लब बंद असताना आम्हा कॅडींची स्पर्धा व्हायची. त्या वर्षी सांगण्यात आलं की जो पहिला येईल त्याला प्रशिक्षकाचा मदतनीस म्हणून कायम करू. कायम! घरात आई दिवसभर नुसती देवासमोर बसून होती.

मी झकास खेळलो. शेवटच्या हिरवळीवर आलो तेव्हा सगळ्यांच्या तीन फटके पुढे होतो. लांबून ढकललेला बॉल भोकापाशी जाऊन थांबला. वीतभर. आणि मी काय केलं? वाकलो, बॉल उचलला, फडक्याने पुसला, झेंडा खोचला, सोबतच्या दोघांशी हात मिळवले आणि हिरवळीवरून चालता झालो. ते दोघेही कॅडीच. त्यांनाही काही खटकलं नाही, पाठीवर थाप मारली त्यांनी.

खटकलं ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या आमच्या साहेबांना. स्पर्धेचा निकाल त्यांच्या हातात होता.

"बॉल आत टाकलास का रे?"

"साहेब, वीतभर तर होता. आत्ता जाऊन टाकतो."

"हिरवळ सोडलीस ना? संपलं. स्पर्धेत प्रत्येक बॉल आत गेलाच पाहिजे. तू बाद."

"साहेब, तुम्ही तर..."

"माझं काय?" ते म्हणाले. "काही नाही साहेब," म्हणून मी निघालो. पुन्हा त्यांचीच बॅग उचलायची होती ना! नोकरी दुसऱ्याला गेली. आईला सांगितलं तर तिला कळेचना. जवळच होता तर बाद कसा, हेच ती विचारत राहिली.

रविवारी साहेब खेळायला आले, जसं काही झालंच नव्हतं. एका हिरवळीवर दहा पावलांचा वाकडा उतार होता. "लाइन सांग रे," ते म्हणाले. मी घरून ठरवून निघालो होतो, आज उलटं सांगायचं. होऊ दे फजिती माणसाची. मी उकिडवा बसलो, उतार बघितला, आणि तोंडातून आलं ते बरोबरच आलं: "दोन वीत डावीकडे मारा साहेब, हळू."

बॉल वळला आणि आत गेला. साहेबांनी मान वर केली नव्हती.

स्वतःचा इतका राग मला आयुष्यात दुसऱ्यांदा आला नाही.