आईची वेगळी चूल

आमच्या गावात म्हाताऱ्या आईचं माह्याइतकं कोनी करत नाही. असं मीच सांगत फिरतो — दारव्ह्याच्या स्टँडवर जीपमंदी शिटा भरता भरता, येनाऱ्या-जानाऱ्याले.

पन एक गोष्ट आजपर्यंत कोनाजवळ बोललो नाही. तुमालेच सांगतो. हसाचं असन तं आधी हसून घ्या — मी आहोच तसा.

सरकार म्हाताऱ्यायले देते ना, निराधाराचा पगार? आईच्या त्या पगाराची तपासनी येनार होती. कोनं तरी उठवलं, पोरगा पोसत असन तं पगार बंद होते. आता सांगा — पगार म्हातारीचा, अन् पाहाचं पोराच्या ताटाकडं? हा कोनता कायदा? बदलाले पाह्यजे तो. पन मी काय केलं? घराबाहेरच्या छपरीत आईची वेगळी चूल मांडून देल्ली. तपासनीले आलेल्या साह्यबाले म्हनलो, मी हिले पाहत नाही. आई तोंडाले पदर लावून हसून राह्यली होती.

साह्यब गेले. पगार चालू राह्यला. आई म्हने, "मोडू का आता चूल?"

मी म्हनलो, राहू दे — पुन्हा आले तं?

कोनी येनार नव्हतं. मले ठाऊक होतं. बायकोनं इचारलं, सासूबाईले आत काहून नाही आनत? तिले म्हनलो — आईच नाही म्हनते.

काहून असं केलं? सांगाले लाज वाटते. घरात बायकोच्या हातचं जेवतो, मंग छपरीत जाऊन आईच्या हातची अंबाडीची भाजी अन् गरम भाकर. दोन चुली, दोन जेवनं. आई धुरात खोकलते, तरी वाढते. पीठ तिच्या पगाराचं. ढेकर माहा. किती पावसाळे गेले असे.

परवा गेलो, तं तिनं एकच भाकर थापली होती. माह्यापुढं ठेवली. मी खाल्ली — आख्खी. मंग ध्यान गेलं, आई नुसतं भाजीचं पानी पिऊन राह्यली होती. डब्यात पीठच नव्हतं.

म्हनलो, आई, तपासनी काही येत नाही... मले तवाच ठाऊक होतं. मोड ती चूल. आत चाल.

आईनं माह्यापुढचं ताट उचललं.

"आता नाही येत मी. अन् उद्यापासून जेवाले याचं असन, तं पीठ घेऊन येत जा."