मिहाला कुणाची गोळी लागली

टिल्का आता नव्वदीला टेकली आहे, आणि तिच्याइतका भाषणाचा सराव आमच्या खोऱ्यातल्या एकाही पुढाऱ्याला नाही. विषय कायम एकच, तिचा थोरला भाऊ मिहा. युद्धातल्या एका हिवाळ्यात हा पोरगा शेका नावाची चुकार गाय शोधायला ओढ्यापलीकडे गेला. एका टेकडीवर पार्टिझान, म्हणजे जर्मनांशी लढणारे कम्युनिस्ट बंडखोर होते, समोरच्या टेकडीवर जर्मनांच्या बंदुका घेतलेले आपल्याच गावचे लोक. गोळी कुठून आली ते कुणी पाहिलं नाही. शेका संध्याकाळी आपली आपण घरी आली. ज्यांनी मिहाला रानात घाईघाईने पुरलं ते पुढच्याच चकमकीत गेले, त्यामुळे जागाही कळली नाही. सर्वसंतांच्या दिवशी सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावायला निघालं की टिल्काच्या आईला जायला ठिकाण नसायचं.

युद्ध संपलं, समाजवाद आला. समितीचा माणूस स्मारकासाठी नावं विचारत दारात आला.

"गोळी शत्रूचीच ना?"

"दगडावर नाव येईल?" आईने विचारलं.

"पार्टिझानांचा निरोप्या म्हणून येईल."

"मग शत्रूचीच."

शाळेपुढच्या दगडावर मिहा शूर निरोप्या झाला. दर वर्षी लाल रुमालवाल्या पोरांपुढे टिल्का पाठ केलेलं भाषण म्हणायची. त्यात गाईला जागा नव्हती. पुढे पुढे एक हातबॉम्ब आला. तो तिने पदरचा घातला होता, पोरं जांभया द्यायला लागली म्हणून.

मग देश फुटला आणि कालपर्यंत समाजवादाचे गोडवे गाणारे गळे एकदम साफ झाले. नवी समिती पाद्रीबुवांना घेऊन आली. त्यांना कम्युनिस्टांनी मारलेल्यांची नावं हवी होती. टिल्काने गाव ओळखलेलं होतं. शाळेपुढचा दगड उखडला तर मेणबत्ती कुठे लावायची? चर्चच्या भिंतीवर मिहा दुसऱ्यांदा मेला. भाषण जवळपास तेच राहिलं, फक्त हातबॉम्ब समोरच्याच्या हातात गेला. रुमालांचा रंग बदलला. भाषणानंतरचं गुलाश मात्र त्याच आचाऱ्याचं होतं, आणि त्याने दोन्ही राजवटींत मीठ जास्तच घातलं.

यंदा सलोख्यासाठी निधी आला. दोन्ही जुनी स्मारकं काढून एकच मोठा दगड उभा राहणार होता. नावं तपासायला शहरातून नेझा नावाची इतिहासाची बाई आली.

"आजी, तुमचा भाऊ दोन्हीकडे कसा मेला?"

टिल्काने तिच्यापुढे बदामी केकचा तुकडा ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा गाईची गोष्ट सांगितली. नेझा रडली. टिल्काही रडली. छातीवरचा धोंडा उतरला असं तिला वाटलं.

महिन्याभराने ब्राने नावाचा आमचा नगराध्यक्ष टोपी हातात घेऊन आला.

"मावशी, घोळ झालाय. दगडाची डावी बाजू क्रांतीच्या बळींची, उजवी जर्मन आणि त्यांच्या साथीदारांच्या बळींची. ज्याचं ठरत नाही त्याला बाजूच नाही. तुम्ही एक काहीतरी सांगा, मी डोळे मिटून लिहितो."

"आता नाही रे सांगवत. इतकी वर्षं खोटं बोलले तर दोन-दोन दगड दिलेत. एकदा खरं बोलले, तर तुमच्याकडे बोटभर जागा नाही?"

"नियम आहे, मावशी."

"दगडाला मागची बाजू असेल की नाही?"

ब्राने घुटमळला. "मागे देणगीदारांची नावं आहेत. बँक, सिमेंटवाले, फर्निचरचं दुकान..."

टिल्का उठली. कपाटातून स्वतःच्या अंत्यविधीसाठी बाजूला ठेवलेले युरो काढून तिने त्याच्या हातात कोंबले.

"हे घे. पावती मिहाच्या नावाने फाड."

"मावशी, अहो, तो तर..."

"तो काय? देणगीदार जिवंत हवा, असाही नियम केलाय का रे मेल्या?"

तसा नियम करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

अनावरणाच्या दिवशी ब्रानेने डावीकडची नावं वाचली, उजवीकडची वाचली. लोक माना खाली घालून उभे होते. मग त्याने देणगीदारांचे आभार मानले, आणि सिमेंटवाल्यांनंतर मिहा कोशीर या उदार नागरिकाचं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिल्का तोवर काठी टेकत दगडामागे पोहोचली होती आणि मेणबत्ती पेटवत होती.