फवारलेला कढीपत्ता

दिल्लीत, सरोजिनी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोर कढीपत्त्याचं झाड होतं. लावलं होतं बाबांनी, पण मालकी सगळ्या ब्लॉकची. फोडणीच्या मिनिटभर आधी कुणीतरी खाली यायचं, आमच्या खिडकीकडे बघून "घेते गं" म्हणायचं आणि डहाळी ओरबाडून न्यायचं. परवानगी मागितली जात नसे. कळवलं जात असे.

एकदा पानांवर काळे ठिपके पडले आणि बाबांनी मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारायचं ठरवलं. बाबा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, त्यामुळे काम कमी, कार्यपद्धती जास्त. आईने देऊ केलेली लोखंडी बादली नामंजूर झाली, कारण मोरचूद लोखंड खातं. एका प्लॅस्टिकच्या बादलीत मोरचूद, दुसरीत चुना. दोन्ही एकत्र झाल्यावर त्यात दाढीचं नवं ब्लेड बुडवलं. त्यावर तांबूस थर आला, म्हणजे चुना कमी. आणखी चुना पडला आणि दुसरं ब्लेड स्वच्छ निघालं, तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर फाइल क्लिअर झाल्याचं समाधान होतं. मग पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, नाकाला रुमाल, डोळ्यांसाठी स्कूटरचं हेल्मेट. वारा पडलाय की नाही हे उदबत्तीच्या धुरावरून पाहिलं. स्वतःच्या सुरक्षिततेत त्यांनी काही कमी ठेवलं नाही.

ब्लॉकच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी झाडाला पाटी लावली. इंग्रजीत. 'काइंडली रिफ्रेन फ्रॉम प्लकिंग टिल फर्दर ऑर्डर्स.' स्पेलिंग माझ्याकडून तपासून घेतलं. मला इंग्रजी शाळेत घातल्याचं चीज झालं. "आज शाळा नाही ना, लक्ष ठेव," म्हणून ते ऑफिसला गेले. दारावरची बेल वाजली की पडद्यामागे जाणाऱ्या मुलीला पहाऱ्याचं काम दिलं.

अकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. इंग्रजी पाटी म्हणजे सरकारी आणि सरकारी म्हणजे आपल्यासाठी नाही, हे ब्लॉकमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकूंनी पाटी बाजूला सारून तिच्यामागची डहाळी तोडली.

"घेते गं!"

"हो," मी म्हणाले. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे मला फारच छान शिकवलेलं होतं.

काकू जिना चढल्या. पानांवरचा निळसर थर त्यांना दिल्लीची धूळ वाटला असणार. धुतील त्या, असं मी स्वतःला समजावलं. पण मी त्यांच्याकडे बसून फोडणी पाहिली होती; धूळ त्या पदराला पुसायच्या. आणि ही वेळ त्यांच्या तीन वर्षांच्या नातीच्या पोह्यांची होती.

वर मोहरी तडतडली. मी अनवाणी धावत जिना चढले. दार उघडंच होतं.

"अरे वा, आज इकडे कशी वाट चुकलीस? बस, पोहे खाऊन जा."

"गॅस बंद करा!" मी ओरडले. "ती पानं टाकू नका, औषध मारलंय!"

पानं अजून काकूंच्या मुठीत होती. त्यांनी गॅस बंद केला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"अच्छा. म्हणजे बोलता येतं तुला. मग मघाशी 'हो' काय म्हणालीस गं, बाई?"

"आधी हात धुवा. साबणाने," मी म्हणाले. हुकूम सोडायला वेळच किती लागतो, याचं मलाच नवल वाटलं.

संध्याकाळी मी पाटी बदलली. मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'विषारी औषध मारलंय. पानं तोडू नका.'

बाबांनी ती दोनदा वाचली. भाषा जरा उद्धट आहे, असं त्यांचं मत पडलं.